सोनं, चांदी, तांबं आणि बेंझिनचं कडं: रेणूंच्या जवळिकीतून उजेड कसा येतो

बावीस कॅरटचा कोल्हापुरी साज घ्या. त्यावर ९१६ चा शिक्का असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग बहुतेक करून तांबं आणि चांदी. शुद्ध सोनं फार मऊ पडतं. ही दोन मिसळली की मणी आणि पानं आकार धरून राहतात. सराफाच्या मुशीत एकत्र येणारे हे तिघे आवर्तसारणीतही एकाच उभ्या रांगेत आहेत. वर तांबं, अणुक्रमांक २९. त्याखाली चांदी, ४७. तळाशी सोनं, ७९. शिवराई तांब्याची, रुपया चांदीचा, होन सोन्याचा. जगभर नाणी याच तिघांची पडत आली, म्हणून रसायनशास्त्रात या गटाला नाणे-धातू म्हणतात.

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, दुकानात साज चमकतो तो परावर्तनाने. दुकानातले दिवे गेले की चमकही गेली. धातूचा तुकडा कितीही घासून उजळला, तरी तो स्वतःचा उजेड देत नाही. त्याच्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन इतके असतात की मिळालेली ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन पसरते. पण याच धातूंचे अणू एकेकटे करा, प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्या आणि त्यांना बेंझिनसारख्या कड्याच्या आकाराच्या रेणूंसोबत बसवा. मग अतिनील टॉर्च मारल्यावर तीच सोनं-चांदी-तांब्याची संयुगं निळी, हिरवी, पिवळी, नारिंगी उजळतात. गंमत अशी की हा उजेड पुष्कळदा एकट्या धातूच्या अणूचा नसतो आणि एकट्या कड्याचाही नसतो. दोघं किती जवळ आहेत, कुणाच्या डोक्यावर कोण बसलंय, यावर तो पेटतो, विझतो आणि रंग बदलतो. मला या विषयाची ओढ लागली ती याच कारणाने, आणि हा लेखही त्याच एका गोष्टीबद्दल आहे.

आधी बेंझिनचं कडं

मायकेल फॅरडेने १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून बेंझिन वेगळं काढलं. त्याचे सहा कार्बन गोल कड्यात बसलेत ही कल्पना केकुलेने १८६५ मध्ये मांडली. सहा कार्बन, प्रत्येकाला एक हायड्रोजन, आणि सगळा रेणू सपाट. प्रत्येक कार्बनकडे एक इलेक्ट्रॉन असा उरतो की जो शेजारच्या दोन कार्बनशी केलेल्या बंधांत गुंतत नाही. असे सहा इलेक्ट्रॉन मिळून कड्याच्या वर आणि खाली पसरलेला एक ढग तयार करतात. अशा कड्यांना ॲरोमॅटिक म्हणतात. टोल्युइन, झायलीन, पूर्वी सर्रास डांबराच्या गोळ्यांत असायचं ते नॅप्थलीन, ही सगळी याच घराण्यातली.

त्या ढगामुळे बेंझिनच्या दोन्ही सपाट बाजू किंचित ऋण असतात आणि कडेचे हायड्रोजन किंचित धन. आता सहाही हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवा. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जोरात ओढतो, त्यामुळे चित्र उलटं होतं: सपाट बाजू किंचित धन, कड ऋण. हा हेक्झाफ्लुओरोबेंझिन.

दोघेही पाण्यासारखे रंगहीन द्रव. बेंझिन साडेपाच अंशांना गोठतो, हेक्झाफ्लुओरोबेंझिन पाच अंशांच्या जरा वर. दोघांचे रेणू समसमान मिसळले तर सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच घट्ट स्फटिक मिळतो. म्हणजे डिसेंबरातल्या कोल्हापुरात वेगवेगळ्या बाटल्यांत दोन्ही द्रव राहतील, आणि त्यांचं मिश्रण रात्री गोठून दुपारी वितळेल. १९६० मध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. दोन रेणूंमध्ये नवा रासायनिक बंध झालेला नाही, कुणी कुणाला इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला नाही. ऋण तोंड धन तोंडावर बसलं, एकाआड एक थर लागले, आणि तेवढ्याने वितळण्याचा अंक अठरा अंशांहून जास्त सरकला. (बेंझिन कर्करोगकारक आहे. हा प्रयोग घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करायचा नाही.)

रेणूच्या आत अणूंना बांधणारे बंध ताकदीचे असतात. कार्बन-कार्बन साधा बंध तोडायला मोलमागे ३५० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. रेणू-रेणूंमधली ओढ त्याच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. पण अशी दुबळी ओढ हजारो ठिकाणी एकाच दिशेने लागली की स्फटिक कसा रचला जाईल, ते तीच ठरवते. या दुबळ्या ओढीच्या शास्त्राला सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री म्हणतात. पेडरसन, क्रॅम आणि लेन या तिघांना १९८७ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

चांदीला बेंझिन आवडतो

मिठासारखे आयनी क्षार पाण्यात विरघळतात, बेंझिनसारख्या तेलकट द्रवात नाही. चांदीचा एक क्षार, सिल्व्हर परक्लोरेट, हा नियम मोडतो. तो बेंझिनमध्ये मजेत विरघळतो आणि द्रावणातून बेंझिनसकट स्फटिक होऊन बाहेर येतो. १९२० च्या दशकापासून हे ठाऊक होतं, पण आत काय चाललंय ते १९५० च्या सुमारास रंडल यांनी क्ष-किरणांनी या स्फटिकाची रचना काढली तेव्हा उमगलं. चांदी, बेंझिन, चांदी, बेंझिन अशा साखळ्या. आणि चांदी कड्याच्या बरोबर मध्यावर बसलेली नाही. ती एका बाजूला सरकून दोन कार्बनांमधल्या बंधाच्या वर बसलेली.

कारण सरळ आहे. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या चांदीच्या आयनाची बाहेरची कक्षा रिकामी असते. बेंझिनच्या ढगातले इलेक्ट्रॉन तिच्याकडे थोडे झुकतात. त्याच वेळी चांदीच्या भरलेल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन कड्याच्या रिकाम्या जागेकडे किंचित वळतात. देवाणघेवाण थोडीच असते, म्हणूनच ती मोडता येते: जरा तापवलं की बेंझिन उडून जातो. ही मोडता येण्याजोगी पकड लक्षात ठेवा. पुढे तिचं मोठं काम आहे.

तीन धातू, तीन कडी, एक चकती

गेल्या तीस-चाळीस वर्षांत रसायनज्ञांनी या धातूंना बसवायची एक देखणी रीत शोधली. पायराझोल नावाचं पाच अणूंचं एक ॲरोमॅटिक कडं असतं, त्यात दोन नायट्रोजन शेजारी-शेजारी. त्याचा एक हायड्रोजन काढून घेतला की दोन्ही नायट्रोजन एकेका धातूला धरू शकतात. एक धनभार असलेलं सोनं, चांदी किंवा तांबं अशा वेळी दोनच बंध पसंत करतं, तेही जवळपास सरळ रेषेत. तीन धातू आणि तीन पायराझोल एकमेकांचे हात धरून बंद होतात तेव्हा मध्ये तीन धातू आणि सहा नायट्रोजन असं नऊ अणूंचं कडं तयार होतं. सगळा रेणू सपाट चकती, आणि तिन्ही धातू वरून-खालून उघडे.

अशा चकत्या स्फटिकात बहुधा भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात. कधी बरोबर एकावर एक, कधी थोड्या सरकून, कधी दोन-दोनच्या जोड्या करून. आणि कधी दोन चकत्यांच्या मध्ये एखादा बेंझिन किंवा नॅप्थलीन शिरतो.

इथे एक प्रश्न पडायला हवा. चकत्यांमधले धातू सगळे धनभारित. धन धनाला ढकलतो असं आपण शाळेपासून शिकलो. मग दोन चकत्यांतले सोन्याचे अणू एकमेकांकडे तोंड करून का बसतात? सोन्याच्या शेकडो संयुगांत दोन सोन्यांमधलं अंतर तीन अँगस्ट्रॉमच्या आसपास मिळतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). एकमेकांशी देणंघेणं नसतं तर ते इतके जवळ आले नसते. म्युनिकच्या हर्बर्ट श्मिडबाउर यांनी या ओढीला ऑरोफिलिसिटी हे नाव दिलं. तिची ताकद हायड्रोजन बंधाच्या तोडीची आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंना बांधून ठेवते साधारण तेवढी.

तिच्या मागे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्के होतो. चांदीत हाच आकडा ३४ टक्के, तांब्यात २१. इतक्या वेगाने इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वाढल्यासारखं होतं आणि त्याची कक्षा आकसते. आतली आकसते तशी त्याच जातीची सर्वांत बाहेरचीही. सोन्याचा पिवळा रंग यातूनच येतो. सापेक्षतावादाचा परिणाम नसता तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसलं असतं. आणि दोन बंध धरणारा एकभारित सोन्याचा अणू चांदीच्या तशाच अणूपेक्षा लहान भरतो: १.२५ अँगस्ट्रॉम विरुद्ध १.३३. इलेक्ट्रॉन ३२ जास्त, तरी आकार कमी. भरलेली आतली कक्षा आणि आकसलेली बाहेरची कक्षा यांच्यातलं अंतर घटतं, त्यामुळे शेजारच्या सोन्याच्या हालचालीला हा अणू चटकन प्रतिसाद देतो. त्या परस्पर प्रतिसादातून ओढ तयार होते. चांदी आणि तांब्यातही अशी ओढ असते, जरा कमी.

कोण देणारा, कोण घेणारा

बेंझिन आणि हेक्झाफ्लुओरोबेंझिनची जोडी आठवा. धातूंच्या चकतीतही तसाच पालट करता येतो. पायराझोलच्या कड्यावर फ्लोरिनवाले गट लावले की ते इलेक्ट्रॉन ओढून घेतात, चकतीचं पोट इलेक्ट्रॉनला भुकेलं राहतं, आणि ती बेंझिन-टोल्युइनसारख्या इलेक्ट्रॉनने भरलेल्या कड्यांना जवळ करते. तांब्याच्या आणि चांदीच्या अशा फ्लोरिनवाल्या चकत्या टेक्सासमधल्या रसिका डायस आणि मोहम्मद ओमरी यांच्या गटांनी बारकाईने अभ्यासल्या.

सोन्याच्या काही चकत्या नेमक्या उलट. इमिडॅझोलसारखं कडं वापरलं की चकतीच्या पोटात इलेक्ट्रॉन भरपूर असतात. मग ती बेंझिनला विचारत नाही, पण हेक्झाफ्लुओरोबेंझिनला दोन चकत्यांच्या मध्ये घेते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे चांदीचा किंवा थॅलियमचा धनभारित आयनही दोन चकत्यांच्या मध्ये येऊन बसतो. तीन सोनं वर, तीन सोनं खाली, मध्ये एक चांदी. इटलीतल्या कामेरिनोचे बुरिनी आणि टेक्सासचे फॅकलर यांच्या गटांनी २००० च्या सुमारास हे दाखवलं. सोन्याने चांदीला असं पोटात घेतलेलं पाहून मला चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या आणि गुजरीच्या कारागिरांची आठवण झाली नसती तरच नवल.

आता उजेड

रेणूवर अतिनील प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. तिथे तो फार वेळ थांबू शकत नाही. खाली येताना ऊर्जा उष्णता म्हणून घालवतो किंवा प्रकाश म्हणून. प्रकाश म्हणून आली तर ती चमक आपल्याला दिसते.

इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो, त्याच्या दोनच दिशा. एका जागी जोडीने राहणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन आपला स्पिन न बदलता खाली आला, तर ते झटपट होतं; याला फ्लुओरेसन्स म्हणतात. नॅप्थलीनच्या बाबतीत सेकंदाच्या कोट्यंशांत. पण वर असताना त्याचा स्पिन उलटला, तर खाली त्याच्या जोडीदाराचा स्पिन आणि त्याचा स्पिन एकाच दिशेचे होतात, आणि परतीची वाट जवळपास बंद होते. तो वर अडकतो. हळूहळू, स्पिन पुन्हा उलटला की खाली येतो. या रेंगाळत्या उजेडाला फॉस्फोरेसन्स म्हणतात. नॅप्थलीनचा फॉस्फोरेसन्स पाहायचा तर त्याचं द्रावण द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, काचेसारखं गोठवावं लागतं. तिथे तो दोन-अडीच सेकंद टिकतो. खोलीच्या तापमानाला रेणू इतके हलतात की अडकलेला इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा उजेडाच्या आधीच धक्काबुक्कीत घालवून बसतो.

इथे जड अणू मदतीला येतो. केंद्र जितकं जड, तितकी इलेक्ट्रॉनच्या स्पिनची आणि त्याच्या फिरण्याची सांगड घट्ट, आणि स्पिन उलटण्याची मनाई तितकी ढिली. विशेष म्हणजे तो जड अणू रेणूशी बांधलेला असायलाच हवा असं नाही. मायकेल कॅशा यांनी १९५२ मध्ये दोन रंगहीन द्रव एकत्र केले: क्लोरोनॅप्थलीन आणि आयोडिन असलेला इथाइल आयोडाइड. मिश्रण पिवळं झालं. दोघांमध्ये रासायनिक क्रिया झालेली नव्हती. आयोडिनच्या नुसत्या सान्निध्यामुळे नॅप्थलीनमध्ये एरवी मना असलेली वाट उघडली आणि त्याने निळ्या-जांभळ्या टोकाचा थोडा प्रकाश गिळायला सुरुवात केली.

आयोडिनच्या जागी सोनं आणा. इलेक्ट्रॉनने भरलेली सोन्याची चकती आणि फ्लोरिनवाला नॅप्थलीन एकाआड एक रचले तर स्फटिकात प्रत्येक नॅप्थलीनच्या वर तीन आणि खाली तीन सोन्याचे अणू येतात. या रचनेत नॅप्थलीनचा फॉस्फोरेसन्स साध्या खोलीच्या तापमानाला दिसतो, आणि तो सेकंदांचा न राहता मिलिसेकंदांत उरकतो. वाट ढिली झाल्यामुळे इलेक्ट्रॉन ऊर्जा वाया जाण्याआधीच प्रकाश देऊन खाली येतो. इथे दिसणारा उजेड नॅप्थलीनचाच आहे. सोन्याने फक्त जवळ बसून त्याला मोकळं केलं.

उलट प्रकारही घडतो: उजेड चवडीचा असतो आणि कडं फक्त रचना ठरवतं. दोन सोन्यांमधली ओढ एरवी दुबळी, पण एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर गेला की ती बदलते. खालची पायरी अशी होती की तिथे इलेक्ट्रॉन दोन धातूंना दूर ठेवत होता; वरची अशी की तिथे तोच इलेक्ट्रॉन दोघांना बांधतो. म्हणून प्रकाश गिळताक्षणी धातू एकमेकांकडे ओढले जातात आणि त्यांच्यात काही काळापुरता खराखुरा बंध तयार होतो. या जवळ येण्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते, त्यामुळे गिळलेला प्रकाश अतिनील असला तरी बाहेर पडणारा पिवळा, नारिंगी किंवा लाल असू शकतो. धातू किती जवळ येऊ शकतात हे चवड कशी रचली आहे त्यावर, आणि म्हणून रंगही त्यावर. फ्लोरिनवाल्या तांब्याच्या चकतीचा रंग तापमानाने बदलतो, विद्रावकाने बदलतो, इतकंच काय द्रावण किती दाट आहे त्यावरही बदलतो. डायस आणि ओमरी यांनी २००३ मध्ये हे तिन्ही बदल एकाच रेणूत दाखवले.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या ॲलन बाल्च यांच्या गटाचा, १९९७ मधला. सोन्याच्या अशाच त्रिकुटाचे स्फटिक; त्यात धातूंना जोडणारी ॲरोमॅटिक कडी नव्हती, पण चवड तशीच. स्फटिकांवर अतिनील दिवा धरायचा, मग दिवा बंद करायचा. स्फटिक काही सेकंद, अगदी पन्नासेक सेकंदही, पिवळे मंद उजळत राहतात. त्यावर डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मचा थेंब टाकला की एकदम भपकन प्रखर उजेड होतो. दिव्याची ऊर्जा चवडीत कुठेतरी साठून राहिली होती; द्रव शिरून चवड मोडू लागली आणि साठा एका झटक्यात प्रकाश होऊन बाहेर पडला. चवडीविना हे शक्यच नव्हतं.

एकाच स्फटिकात पिवळा आणि निळा

तांब्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तो स्वस्त आहे आणि त्याच्याकडे अनेकदा दुर्लक्ष होतं. कॉपर आयोडाइड आणि पिरिडीन (बेंझिनसारखंच, पण एका कार्बनच्या जागी नायट्रोजन असलेलं कडं) यांपासून एक छोटा घन तयार होतो. एकाआड एक कोपऱ्यांवर चार तांबं आणि चार आयोडिन, आणि प्रत्येक तांब्याला बाहेरून एक पिरिडीन चिकटलेलं. तांब्या-तांब्यातलं अंतर सुमारे २.७ अँगस्ट्रॉम. अतिनील दिव्याखाली ही पूड पिवळी उजळते, तरंगलांबी ५८० नॅनोमीटरच्या आसपास. तीच नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की उजेड निळा-जांभळा होतो, ४४० नॅनोमीटरच्या जवळ. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिली की पुन्हा पिवळा.

हा एकच रंग हळूहळू सरकत गेलेला नाही. दोन वेगळे उजेड आहेत. वर गेलेला इलेक्ट्रॉन दोन ठिकाणी थांबू शकतो. तो तांब्याच्या चौकडीतच राहिला तर चौघं एकमेकांकडे आकसतात आणि पिवळा प्रकाश येतो. तो पिरिडीनच्या कड्यावर गेला तर निळा येतो. खोलीच्या तापमानाला एका अवस्थेतून दुसरीत जाण्याइतकी उष्णता असते, आणि बहुतेक इलेक्ट्रॉन चौकडीच्या खोल खड्ड्यात येऊन पोहोचतात. थंडीत मधला उंचवटा ओलांडायला पुरेशी ऊर्जा उरत नाही, म्हणून कड्यावरचे तिथेच राहतात. कड्याचा आणि धातूंचा वाटा इतका स्वच्छ वेगळा दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग प्रात्यक्षिक म्हणून दाखवला जावा असं मला मनापासून वाटतं. कॉपर आयोडाइड महाग नाही, पिरिडीनसाठी वाफा ओढून घेणारं कपाट (फ्यूम हूड) हवं, आणि द्रव नायट्रोजनचा एक छोटा डबा.

तांब्याच्या ॲरोमॅटिक संगतीतून आणखी एक मोठी गोष्ट आली. फ्रान्सच्या झाँ-पिएर सोवाज यांनी १९८३ मध्ये एका तांब्याच्या आयनाभोवती फेनँथ्रोलिन नावाचे दोन ॲरोमॅटिक रेणू गुंफून एकमेकांत अडकलेली दोन कडी बनवली आणि नंतर तांबं काढून घेतलं. रेणवीय यंत्रांसाठी मिळालेल्या २०१६ च्या नोबेलचा एक वाटा त्यांचा.

मोबाइलच्या ओएलईडी पडद्यांमुळेही या धातूंना मागणी येऊ शकते. विजेने रेणू उत्तेजित केला की चारांतले तीन इलेक्ट्रॉन स्पिन उलटलेल्या, म्हणजे अडकणाऱ्या अवस्थेत जातात. हलका कार्बनी रेणू तो तीन चतुर्थांश भाग वाया घालवतो. जड अणू तो वाचवतो. सध्या हे काम बहुतांशी इरिडियम करतं, जे अत्यंत दुर्मिळ आहे. सोन्याच्या आणि तांब्याच्या संयुगांवर म्हणूनच जोराने काम चालू आहे. तांब्याची अडचण ही की एकभारित तांबं हवेत सहज द्विभारित होतं, आणि मग उजेड मरतो.

शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत

आता चांदीच्या त्या मोडता येण्याजोग्या पकडीकडे येऊ. फ्लोरिनवाल्या पायराझोलची चांदीची चकती खोलीच्या तापमानाला अतिनील दिव्याखाली उजळत नाही. तिच्या पातळ थराला बेंझिनची वाफ लागली की बेंझिन चकत्यांच्या मध्ये शिरतो, चवडीची रचना बदलते आणि थर उजळतो. वाफ काढून घेतली की बेंझिन निघून जातो, उजेड विझतो. २०११ मध्ये टेक्सासच्या गटांनी हे प्रसिद्ध केलं. बेंझिन, टोल्युइन आणि मिथाइल गट लागलेली त्याची भावंडं यांना थर प्रतिसाद देतो.

कोल्हापूरकरांनी याकडे खास लक्ष द्यावं असं मला वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यात फौंड्र्या किती आहेत हे इथे कुणाला सांगायला नको. साचे आणि कोअर (ओतीवातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) बांधायला वाळूत फिनॉलिक राळ मिसळतात. चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस त्यावर ओतला की राळ पूर्ण जळत नाही, तुटते. आणि तुटताना बेंझिन, टोल्युइन, झायलीन हवेत सोडते. ओतकामाच्या धुरातल्या घातक वायूंमध्ये बेंझिन ठळकपणे असतो. तो रक्ताचा कर्करोग घडवतो हे पक्कं सिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांच्या गटात ठेवलंय. भारताच्या २००९ च्या मानकांप्रमाणे बाहेरच्या हवेत त्याची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत असावं लागतं.

नेमकं मोजायचं तर आज कामगाराच्या कॉलरला कोळशाची नळी लावतात, तिच्यात हवा खेचतात, नळी प्रयोगशाळेत पाठवतात आणि क्रोमॅटोग्राफने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने, बेंझिन मोजतात. आकडा बरोबर येतो, पण येईपर्यंत पाळी संपलेली असते. हातात धरायचे मीटर लगेच वाचन देतात, पण बरेचसे सगळ्या वाफांचा एकत्र आकडा दाखवतात. चांदीच्या चकतीचा थर, एक छोटा अतिनील एलईडी आणि उजेड टिपणारा साधा संवेदक एवढ्यावर बेंझिनच्या घराण्याची खूण जागच्या जागी मिळू शकते, ही कल्पना म्हणून मोलाची आहे.

पण प्रयोगशाळेतल्या बंद कुपीत बेंझिनच्या वाफेने भरलेली हवा आणि ओतकामाच्या शेडमधली धूळ, वाफ, गंधकाचे वायू यांनी भरलेली हवा यांत मोठं अंतर आहे. चांदी गंधकाने काळी पडते, हे हुपरीतल्या कुठल्याही पैंजण करणाऱ्याला विचारा. थराला गंधकापासून वाचवायला गाळणी लागेल, आणि ती बेंझिनला अडवणार नाही अशी हवी. त्याहून अवघड म्हणजे थर बेंझिनलाही उजळतो आणि टोल्युइनलाही. शेडमध्ये दोन्ही असतात, आणि कामगाराच्या रक्ताला धोका मुख्यतः पहिल्याचा. दोघांच्या उजेडाचा रंग किंवा विझण्याचा वेळ यांतला फरक ओळखून दोन्ही वेगळे करायचे, की फक्त बेंझिनच मावेल इतक्या फटीची चकती घडवायची, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण टोल्युइनवरचा एक जादा मिथाइल गट जागा अडवतो, आणि दोन चकत्यांमधली फट किती ठेवायची हे पायराझोलवर कोणते गट लावतो त्यावरून ठरवता येतं.